गड्ड्यात आलेला घाम, आणि पाळी जाते म्हणजे नेमकं काय होतं

आमचं मेडिकल सोलापूरच्या पूर्व भागात आहे, गल्लीच्या तोंडाला, एका बाजूला किराणा आणि समोर यंत्रमागाचा खडखडाट. डी. फार्म करून मी काऊंटरला उभी राहिले त्याला आता २५ वर्षं होत आली, आणि एवढ्या वर्षांत मेनोपॉज हा शब्द माझ्यासमोर तीन-चार जणींनी उच्चारला असेल, त्यातल्या दोघी शाळेतल्या बाई होत्या. बाकीच्या सगळ्या दुपारी अडीचच्या सुमाराला येतात, तेव्हा गिऱ्हाईक नसतं, आमचे हे जेवायला घरी गेलेले असतात, आणि तरीही आधी मागं वळून बघतात कोणी पुरुष उभा नाही ना, मग आवाज उतरवून बोलतात.

आणि बोलतात ते पण तुकड्यातुकड्यानं. एक येते ती ॲसिडिटीची गोळी मागते, छातीत धडधडतंय म्हणते. दुसरीला झोपेची गोळी हवी असते, ती मी चिठ्ठीशिवाय देत नाही, मग आमचं भांडण होतं. तिसरी गुडघ्याला लावायची ट्यूब नेते, चौथी लघवीच्या जळजळीचं औषध दोन महिन्यांत तिसऱ्यांदा नेते. आणि एक विड्या वळणारी बाई काहीच न मागता पदरानं मान पुसत उभी राहिली होती, शेवटी म्हणाली, "अक्का, अंगातनं वाफा निघालाल्यात की वो, काय तरी द्या." या पाचही जणी पंचेचाळीस ते बावन्नच्या मधल्या, आणि पाचही जणींना वाटतं की आपल्याला वेगवेगळे पाच आजार झालेत. यातल्या कुणाला खरंच थायरॉईड असेल, कुणाचं रक्त कमी असेल, ते तपासायलाच पाहिजे, पण बऱ्याच वेळा सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट असते आणि तिचं नाव कुणी घेत नाही.

आपल्याकडं त्याला पाळी जाणं म्हणतात. काहीजणी सुटले म्हणतात, मोकळी झाले म्हणतात, एखादी नुसतं "आता ते नाही" म्हणते. रजोनिवृत्ती हा शब्द मी दवाखान्यातल्या पोस्टरवरच वाचलाय. मेनोपॉज तरी कुठं फार जुना, द गार्दान नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरनं १८२१ साली तो रूढ केला, महिना आणि थांबणं या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून.

तर आधी शरीरात काय होतं ते. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयात सगळी बीजं भरलेली असतात, साधारण १० ते २० लाख, नवीन तयार होत नाहीत. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम ४०० ते ५००, बाकीची आपोआप विरघळून जातात, कुणी काही खाल्लं-प्यालं म्हणून नाही आणि कुणी संततिनियमनाच्या गोळ्या घेतल्या म्हणून ती शिल्लकही राहत नाहीत. हा साठा तळाला गेला की अंडाशय मेंदूचं ऐकेनासं होतं. मेंदू हार्मोन सोडून सोडून ओरडत राहतो, बीज पिकव, बीज पिकव, ते कधी ऐकतं, कधी ऐकत नाही. या ओढाताणीत इस्ट्रोजेन नावाचं बायकी हार्मोन वरखाली व्हायला लागतं.

आता इथं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की इस्ट्रोजेन हळूहळू कमी होतं. ते अर्धंच खरं आहे, आणि या अर्ध्या खरेपणामुळं बायकांचा गोंधळ होतो. मी गिऱ्हाइकांना नळाच्या पाण्याचं उदाहरण देते, कारण सोलापुरात ते समजावून सांगावं लागत नाही. पाणी रोज थोडं थोडं कमी होत गेलं असतं तर माणसानं सवय करून घेतली असती. आपल्याकडं तसं आहे का? चार दिवस टिपूस नाही, पाचव्या दिवशी रात्री दोनला फुल फोर्सनं, बॅरल वाहून जातं, मग परत ठणठणाट, मग मध्येच कुठल्या तरी सकाळी अर्धा तास. त्रास पाणी कमी असण्याचा आहेच, पण त्याहून जास्त त्रास कधी येईल ते माहीत नसण्याचा आहे, सगळं घर त्या नळाकडं कान लावून बसतं. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत इस्ट्रोजेनचं असंच होतं. एखाद्या महिन्यात तरुणपणीपेक्षा पण जास्त तयार होतं, मग छाती दुखते, पाळीत गाठी पडतात, दुसऱ्या महिन्यात जवळजवळ नाहीच, मग अंगाची आग. हा काळ साधारण चार वर्षं चालतो, काहींचा सात-आठ. आणि पुढं नळ एकदाचा बंद झाला की शरीर त्यालाही जुळवून घेतं, चरबीच्या पेशींमधून थोडंसं इस्ट्रोजेन बनत राहतं, म्हणजे बोअरचं पाणी म्हणा, कमी पण आपलं.

सलग १२ महिने पाळी आली नाही, की म्हणायचं पाळी गेली. म्हणजे गेली हे कळतं ते वर्षभरानं मागं वळून बघितल्यावर, त्या दिवशी कळत नाही. मधेच अकराव्या महिन्यात आली तर मोजणी परत एकपासून. वय म्हणाल तर आपल्या देशात सरासरी ४६-४७ धरतात, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास, म्हणजे आपल्या बायका या वाटेला चार-पाच वर्षं आधी लागतात. तंबाखू ओढणाऱ्यांची लवकर जाते, खाण्यापिण्याची आबाळ झालेल्यांची पण लवकर जाते असं दिसतं. चाळिशीच्या आत गेली तर मात्र "आमच्या आईचं पण असंच" म्हणून सोडून द्यायचं नाही, डॉक्टरकडं जायचं. पंचेचाळीसच्या पुढं लक्षणं सरळ दिसत असतील तर हार्मोनच्या महागड्या टेस्टची बहुतेक वेळा गरजच नसते, कारण आज एक आकडा आणि पुढच्या आठवड्यात दुसरा, नळाचंच ते.

माझं स्वतःचं सांगते. मला हे सगळं पुस्तकातनं पाठ होतं तरी कळलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी एप्रिल-मे मध्ये मला आग व्हायची, पण सोलापुरात मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला कुणाला आग होत नाही? पंखा गरम हवा फेकतोय, दुकानाचं शटर हाताला चटका देतंय, त्यात माझी वाफ कोण वेगळी ओळखणार. मी कोकम सरबत पीत राहिले. मग जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे आमच्या इथल्या जत्रेला, गेलो होतो, रात्री होम मैदानावर चांगली थंडी होती, लेकीनं कानाला स्कार्फ बांधलेला, यांनी स्वेटर घातलेला, पाळण्याच्या तिकिटाच्या रांगेत उभे होतो आणि अचानक छातीतनं काहीतरी वर चढायला लागलं, मान, कान, गाल, जसं कोणी तव्यावरचं झाकण तोंडाजवळ उघडावं. मी शाल काढली, मग पिन काढून पदर मोकळा केला, कपाळावरनं घाम ओघळायला लागला. दोन-तीन मिनिटांत गेलं आणि मग अशी हुडहुडी भरली की दात वाजायला लागले. लेक म्हणाली आई तुला ताप आलाय का. मी रांगेतच उभ्या उभ्या हसले, मनात म्हटलं बाई गं, २५ वर्षं दुसऱ्यांना सांगतीयस आणि स्वतःचं कळायला गड्डा यावा लागला.

तर ही वाफ. मेंदूत खाली एक जागा असते जी शरीराचं तापमान सांभाळते. तिला एक पट्टा ठरवून दिलेला असतो, याच्या वर गेलं तर घाम काढ, याच्या खाली गेलं तर थरथर सुरू कर, आणि मधल्या पट्ट्यात गप्प बस. इस्ट्रोजेन वरखाली व्हायला लागलं की हा मधला पट्टा अरुंद होतो. मग चहाचा एक घोट, थोडा राग, जिन्याच्या दहा पायऱ्या, एवढ्याशानं तापमान अगदी किंचित वाढलं तरी मेंदूला वाटतं आग लागली, तो कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतो, घाम सोडतो, आणि तेवढ्यानं अंग जास्तच थंड पडलं की लगेच उलटं, हुडहुडी. ताप नाही हा, थर्मामीटर लावलात तर काही सापडणार नाही. त्या जागेजवळच्या काही मज्जापेशी इस्ट्रोजेन नसलं की बेलगाम होतात हे आता समजलंय, आणि त्यांनाच शांत करणारं, हार्मोन नसलेलं एक औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर पण झालंय. म्हणजे हे खरं आहे, शरीरातलं आहे, कुणाच्या डोक्यातला खेळ नाही. हे मी जोर देऊन सांगते कारण पुढं जे सांगणार आहे त्याचा कुणीतरी भलताच अर्थ काढेल.

पुढचं असं की वाफ सगळ्यांना एकच, पण सोसणं एकसारखं नाही.

ती विड्या वळणारी बाई. मी तिला सहज म्हटलं, पंख्याखाली बसत जा ना. ती माझ्याकडं असं बघायला लागली जसं मी चंद्रावरनं आलेय. "अक्का, पंखा लावला तर तंबाखू उडते की." सुपात पानं, त्यात तंबाखू, मांडीवर सूप, दिवसाला हजार विड्या भरायच्या, पंखा बंद, पत्र्याचं घर. तिला दिवसातनं आठ वेळा वाफ येते आणि प्रत्येक वेळी हात थांबला की विड्या कमी, विड्या कमी की मजुरी कमी. वर ती म्हणाली, मोजणी चुकतीय, जुडीत किती झाल्या ते हातातच विसरते. या वयात असा विसरभोळेपणा येतो, शब्द ओठावर येऊन अडकतात, बहुतेकींचा नंतर सुधारतो, म्हातारपणी वेड लागायची ती सुरुवात नाही, पण एसी ऑफिसात बसलेल्या बाईचा विसरलेला शब्द आणि हिच्या विसरलेल्या चार विड्या यात पैशाचा फरक आहे. आणि झोप? डॉक्टर विचारतात झोप का मोडते, ही सांगते पाणी भरायला उठावं लागतं. ते खोटं नाही. पण पाणी नसलेल्या रात्रीही ती तीनला घामानं भिजून उठते, ते ती सांगतच नाही, कारण तिला ते वेगळं मोजायचं सुचत नाही.

बायकांना हे कसं वाटतं यावर जगभर बराच अभ्यास झालाय, आणि त्यातला एक जुना अभ्यास आपल्याच देशातला आहे. मार्शा फ्लिंट नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाई राजस्थान आणि हिमाचलातल्या ४८३ राजपूत बायकांना भेटल्या आणि १९७५ मध्ये त्यांनी लिहिलं की पाळी अनियमित होऊन थांबली यापलीकडं बहुतेकींची फारशी तक्रारच नाही. का, तर पाळी गेली की त्यांचा पडदा सुटायचा, पुरुषांच्या बैठकीत जाऊन बसता यायचं, थट्टामस्करी करता यायची. म्हणजे त्यांच्यासाठी ते बक्षीस होतं. हे वाचून मला आमच्या शेजारच्या आजी आठवल्या, त्या छाती ठोकून सांगायच्या, मी आता देवाची. पाळी होती तोवर सणाला बाजूला बसायचं, लोणच्याला हात लावायचा नाही, पापडाच्या घरात जायचं नाही, आषाढीत पंढरपूरला जायचं तर आधी तारखा मोजायच्या. गेल्यावर पहिल्याच वर्षी वारीला गेल्या, बिनघोर. या शिवाशिवीचं मला काडीचं कौतुक नाही, पाळी आहे म्हणून बाईला देवापासून लांब ठेवायचं आणि मग ती गेली की सुटलीस म्हणायचं, हा सौदाच मला पटत नाही. पण सुटल्याचा त्यांचा आनंद खरा होता. आणि आजही गणपती-महालक्ष्मीच्या आधी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मागायला पन्नाशीच्या बायका येतात, ज्यांची पाळी आधीच दोन-दोन महिने भरकटलेली असते, त्यांना मी हात जोडून सांगते की बीपी आहे, पाय सुजतात, आधी डॉक्टरला विचारा, मनानं घेऊ नका.

जपानचं वेगळंच. तिथं या वयाला कोनेन्की म्हणतात, म्हणजे बदलाचा काळ, नुसती पाळी नाही, केस, डोळे, सांधे, सगळंच त्यात. मार्गारेट लॉक या अभ्यासक बाईंनी १९८० च्या दशकात तिथं काम केलं तर अमेरिका-कॅनडाच्या मानानं वाफेची तक्रार बरीच कमी आणि खांदे आखडण्याची जास्त. आपल्याकडं पण काऊंटरला सांधे, कंबर आणि "अंगात त्राणच नाही" हे आधी येतं, वाफ मागाहून.

याच्यातनं काही शहाणे लोक काढतात की बघा, आपल्या बायकांना त्रासच नसतो, हे सगळं पाश्चात्त्य फॅड. थांबा जरा. न सांगणं आणि नसणं यात फरक आहे. घुंघट काढायला मिळाल्याच्या आनंदात असलेल्या बाईला बाहेरून आलेल्या मडमेनं विचारलं तर ती अंगाची आग सांगेल का? आमच्या सासूबाई थंडीत पण ओला टॉवेल अंगावर घेऊन शहाबादी फरशीवर झोपायच्या, कुणी जरा बोललं की अंगावर यायच्या. सगळं घर म्हणायचं बाई तिरसट आहे. त्यांनी आयुष्यात कधी कुणाजवळ तक्रार केली नाही, म्हणजे त्यांना काही नव्हतं असं कोण म्हणेल?

अमेरिकेत १९९० च्या दशकात एक मोठा अभ्यास सुरू झाला, पाच वेगवेगळ्या समाजांतल्या तीन हजारांवर बायकांना वर्षानुवर्षं विचारत राहिले. त्यातनं २०१५ साली कळलं की ज्यांना वाफा वारंवार येतात त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींना त्या सात वर्षांपेक्षा जास्त टिकतात, आणि काळ्या समाजातल्या बायकांना दहा, जपानी वंशाच्या बायकांना पाचच्या आसपास. एकाच देशात राहून एवढा फरक. त्यात ताण, पैशाची ओढ, वजन, सिगारेट, सगळ्याचाच हात असतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच अभ्यासांत दिसली, की पाळी जाण्याबद्दल आधीपासून मनात भीती किंवा वाईट भावना असेल तर पुढं लक्षणं जास्त जाणवतात. म्हणजे "आता काय, म्हातारी झालीस" हे घरातलं वाक्य, गमतीत म्हटलेलं का असेना, ते अंगाला लागतं. वाफ मनानं तयार होत नाही, पण वाफ आल्यावर "अरे देवा, सगळे बघतायत, मला काय होतंय" असं वाटलं की धडधड दुप्पट होते आणि तीच वाफ जास्त वेळ राहिल्यासारखी वाटते. त्यामुळं तिकडं आता समुपदेशनाची एक पद्धत, सीबीटी, वाफा आणि झोपेसाठी वापरतात. वाफा थांबत नाहीत, पण त्यांचा जाच कमी होतो.

आणि हे वय कसलं असतं बघा ना. मुलीचं लग्न, मुलगा पुण्याला, सासूची ॲडमिशन, नवऱ्याची शुगर, स्वतःची अजून कुणी तपासलेली नसते. चिडचिड झाली की घरचे म्हणतात हार्मोन्स. हार्मोन्स असतीलही, पण सकाळी सातला तीन डबे भरून झाल्यावर कुणीतरी विचारलं की भाकरी कडक का झाली, तर त्याला माझ्या मते हार्मोन लागत नाही.

ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते म्हणजे खालचा कोरडेपणा. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला सारखं जावं लागतं, जळजळ परत परत होते. वाफा काही वर्षांनी जातात, हे मात्र आपोआप जात नाही, वाढत जातं. नवऱ्याला वाटतं हिचं मन उडालं, हिला वाटतं आपलं वय झालं, दोघं वेगवेगळ्या खोलीत झोपायला लागतात आणि उपाय असतो एका मलमाचा. त्या जागी लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम येतं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, अगदी कमी डोसचं, रक्तात फार थोडं जातं. मी देते तेव्हा कागदात गुंडाळून देते, आणि बाई ते पिशवीत मिरच्यांच्या खाली ठेवते.

आता पिशवीचं. गर्भाशयाला आपल्याकडं पिशवी म्हणतात, आणि हा शब्दच मला कधी कधी घात करणारा वाटतो, कारण पिशवी म्हटलं की रिकामी झाली की फेकून द्यायची. "दोन पोरं झाली, आता ती पिशवी काय कामाची, काढून टाका, कटकट गेली." पस्तीस-अडतीसच्या बायका हे बोलतात. उसाच्या हंगामात आमच्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर बीडकडच्या टोळ्या येतात, कोयत्यावर नवरा-बायकोची जोडी असते, बाईनं खाडा केला तर दंड, शेतात ना संडास ना पाणी. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढं आलं की बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. यातल्या कितीतरी जणी ऐन उमेदीतल्या. पुढं एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना सांगितलं की गरज नसताना पिशवी काढणं रोखायच्या केंद्राच्या गाईडलाईन्स तीन महिन्यांत लागू करा.

यातला शास्त्राचा भाग नीट समजून घ्या. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवलं तर पाळी बंद होते पण हार्मोन चालू राहतात, फक्त ते थोडे लवकर आटू शकतात. अंडाशयं पण काढली तर मात्र जे चार-सहा वर्षांत हळूहळू व्हायचं ते एका रात्रीत होतं, नळ नाही, धरणच बंद. वाफा जोरात, झोप गेली, हाडं लवकर ठिसूळ, आणि तरुण वयात काढली तर हृदयाचा धोका पण वाढतो. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला एवढं तरी विचारा, फक्त पिशवी का अंडाशय पण, आणि का. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, तर काढावीच लागते, त्यात वाद नाही. पण जास्त अंगावरून जातं एवढंच कारण असेल तर गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू आहे, पाच-सात वर्षं चालते. आणि पाळी जायच्या आधी अंगावरून जास्त जाऊन जाऊन रक्त इतकं कमी झालेलं असतं की निम्मा थकवा त्याचाच असतो.

या वयातल्या त्रासावर डॉक्टर देतात त्या हार्मोनच्या गोळ्यांची भीती कुठून आली तेही सांगते. २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा प्रयोग, १६,६०८ बायकांचा, मध्येच थांबवला गेला, कारण गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर आणि लकवा जास्त दिसला. जगभर बातमी झाली, डॉक्टरांनी चिठ्ठ्या फाडल्या. आकडा काय होता? वर्षाला दर १०,००० बायकांमागं कॅन्सरच्या ८ केस जास्त. आणि त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. नंतर वयाप्रमाणं वेगळं करून बघितल्यावर कळलं की साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, त्रास जास्त असलेल्या आणि बाकी तब्येत ठीक असलेल्या बाईला फायदा बहुधा जास्तच असतो. स्तनाचा कॅन्सर झालेला, रक्ताची गुठळी झालेली, लकवा, लिव्हरचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यांना नाही. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढून धोका. म्हणून शेजारणीची चिठ्ठी घेऊन येऊ नका, मी देणार नाही. पण घाबरून दहा वर्षं जळत बसायची पण गरज नाही, सिव्हिलला स्त्रीरोग ओपीडीत जाऊन विचारा.

बाकीचं पटापट. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं सगळ्यात वेगानं झिजतात, दूध, नाचणी, तीळ, सकाळचं ऊन आणि अंगावर वजन येईल असं चालणं, नुसतं बसून विड्या किंवा शिलाई नको. ज्वारीची भाकरी आपली चांगलीच आहे पण तिच्यात कॅल्शियम फार नाही. सोयाबीन खा, पण त्यानं वाफ जादूनं जाईल अशी आशा नको. पाळी चार महिने आली नाही म्हणून बिनधास्त राहू नका, सेहेचाळीसच्या बाईला मी प्रेग्नन्सी किट विकलंय आणि दुसऱ्या दिवशी ती रडत आलीय. दिवस जाऊ नयेत म्हणून पन्नाशीच्या आत पाळी थांबली असेल तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यायची.

आणि एक गोष्ट अजिबात पटापट घेऊ नका. पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि मग परत डाग दिसला, अगदी एकच थेंब, तरी डॉक्टर. बहुतेक वेळा किरकोळ निघतं, पण पिशवीच्या कॅन्सरचं हेच पहिलं लक्षण असतं. अठ्ठावन्नच्या एक मावशी हसत हसत मला सांगत होत्या, "परत तरणी झाले की गं." मी त्यांना त्याच दिवशी रिक्षात बसवलं. सोनोग्राफी झाली, तुकडा तपासला, लवकर सापडलं, ऑपरेशन झालं. आता मंगळवारच्या बाजारात भेटतात, भाजीवाल्याशी भांडताना.

ती विड्यावाली बाई मागच्या महिन्यात आली होती, जावेला घेऊन. हिमोग्लोबिन आठ निघालं होतं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, आता दारात बसून वळते म्हणाली, वारा येतो आणि तंबाखू पण उडत नाही. वाफा आहेतच. जाऊ मागं उभी, पदर तोंडाला. "अक्का, हिला ते नळाचं सांगा की." मी सांगितलं, चार दिवस ठणठणाट, मग रात्री दोनला फुल फोर्स, सगळं. यावेळी आमचे हे दुकानातच होते, मागच्या टेबलावर जीएसटीची बिलं लावत बसलेले, मी बोलायची थांबले नाही. बायका गेल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आईला पण असंच होत होतं काय गं? ती फरशीवर झोपायची ते?"

मी म्हटलं, बहुतेक. त्यांनी थोडा वेळ काही लिहिलं नाही.